एकाच कापडाचे डबे

आमच्या गावच्या शेतकी प्रदर्शनात परीक्षकाच्या शेजारी जी बाई उभी असते, तिनं तोंड उघडायचं नसतं. बरण्या पुढे सरकवायच्या, टेबल पुसायचं आणि परीक्षक सांगेल त्या बरणीला रिबीन लावायची. कुठली बरणी कुणाची हे माहीत असलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. माझ्यासारख्या बोलभांड बाईला हे काम कुणी दिलं देव जाणे, पण दरवर्षी ते माझ्याच गळ्यात पडतं. यंदा मात्र मला ते नको होतं, कारण यंदा वाल्मेचं घर त्या टेबलावर ठेवलेलं होतं.

वाल्मे माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसात एकच कुंपण आणि त्या कुंपणावर ओणवं झालेलं तिचं जर्दाळूचं झाड. नवरा क्लेम गेल्यापासून ती एकटीच राहते. वसंतात एकदा तिनं गॅसवर पातेलं ठेवलं आणि ती कोंबड्यांकडे गेली ती तिकडेच रमली. पातेलं गेलं, खिडकीचा पडदा गेला. धूर मीच पाहिला आणि फोनही मीच केला. सिडनीहून तिची मुलगी केरिन धावत आली. काउरा गावच्या वृद्धाश्रमात खोली मिळते आहे, घर विकून टाकू, असं तिनं चहाच्या टेबलावरच सांगितलं.

वाल्मे रडली नाही. ती म्हणाली, "नाताळात, ऐन उन्हाळ्यात, जर्दाळू उतरतील. माझे मला बरण्यांत भरू दे. प्रदर्शनात रिबीन मिळाली तर मी इथंच राहणार. नाही मिळाली, तर म्हणशील तिथं येते."

"एकटीनं भरायचे, आई. नॅरेलमावशीनं हात लावायचा नाही," केरिन माझ्याकडे बघत म्हणाली.

"तिनं हात लावला तर रिबीन जाईलच," वाल्मे म्हणाली. माझ्या बरण्यांत जर्दाळूंचा लगदा होतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आता वाल्मेच्या फळीवरच्या डब्यांचं सांगायला हवं. वाल्मेच्या घरात काही फुकट जात नाही. क्लेमच्या शर्टांतून तिनं बरण्यांच्या टोप्या शिवल्या, बाह्यांची पताका करून दारावर लावली. जळालेल्या पडद्याचा उरलेला भाग तिनं धुतला आणि स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यांवर खळ लावून चिकटवला. पिवळ्या फुलांचं कापड. फळीवर एका रांगेत सगळे डबे एकसारखे. दिसायला फारच गोड, पण 'पीठ', 'साखर', 'मीठ' ही नावं त्या कापडाखाली गेली.

"अगं, ओळखायचं कसं?" मी विचारलं होतं.

"डावीकडून पीठ, मग साखर, मग कांद्याच्या लोणच्याचं मीठ. माझा हात जातो तिथं बरोबर. तुझ्यासारखं मला वाचावं लागत नाही."

नाताळाला केरिन आली. चांगली मुलगी आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. आईला आराम मिळावा म्हणून तिनं फळी रिकामी केली, घासली, पुसली आणि डबे परत लावले. मी तेव्हा दारातच उभी होते, हातात माझा फ्रूटकेक. डबे कसे लावले हे मी पाहिलं नाही. का पाहीन? डबे ते डबे.

केरिन गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात वाल्मेनं जर्दाळू भरले. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. एकेक फाक उलटी, पाठ काचेकडे, वीट रचावी तशी. अर्ध्यात एक फाक जरा कलली तर सगळी बरणी रिकामी करून पुन्हा सुरुवात. वर पाक ओतला. चव तिनं कधीच घेतली नाही. चव बघायची ती जॅमची, बरणीतलं फळ डोळ्यानं भरायचं असतं, असं ती म्हणते आणि प्रदर्शनाचा नियमही तोच आहे. जॅम उघडून चाखतात. फळांच्या बरण्या उघडत नाहीत, काचेतूनच जोखतात.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक होत्या मिसेस ट्रेलोर. बाहेरगावच्या, ओठ आवळलेल्या. त्यांनी वाल्मेची बरणी उचलली आणि तंबूच्या दारातल्या उजेडात धरली. मी टेबल पुसत राहिले. एकच जागा किती पुसली असेन!

"रंग बघा," त्या म्हणाल्या. "झाडावरून आत्ता उतरवल्यासारखा. एक फाक काळवंडलेली नाही. आणि पाक? पाणी म्हणावं इतका नितळ."

पहिल्या नंबराची निळी रिबीन मी लावली. गाठ मारली, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मग तंबूच्या मागं गेले आणि शेळ्यांच्या कुंपणापाशी उभी राहून मनसोक्त रडले.

रविवारी दुपारी वाल्मेकडे जेवण होतं. केरिन शब्दाला जागली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "जिंकलीस बाई! रहा इथंच. फक्त गॅस काढून विजेची शेगडी बसवू, एवढं ऐक."

"बसव की. पैसे तू देणार असशील तर दोन बसव," वाल्मे म्हणाली. मी तिला इतकी खूष क्लेमच्या वेळेपासून पाहिली नव्हती.

मग ती बरणी उघडली. उघडणारच. रिबीन मिळालेली बरणी घरच्यांनी कस्टर्डबरोबर खायची असते. वाल्मेनं तिघींच्या वाट्या भरल्या, स्वतःची सगळ्यात मोठी.

केरिननं पहिला घास घेतला आणि ती थांबली. मग मी घेतला.

मीठ. निव्वळ मीठ. जिभेला चटका बसावा असं. मिठाच्या पाण्यात फळ काळं पडत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं. काय उपयोग?

आम्ही दोघींनी वाल्मेकडे पाहिलं. ती खात होती. एक चमचा, दुसरा चमचा. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. शेवटी तिनं वाटी उचलून तळाचा पाकसुद्धा पिऊन टाकला.

"यंदा छान उतरलेत," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात का गं?"

"पोट भरलंय, आई," केरिन म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

मी वाट्या घेऊन मोरीपाशी गेले. वाल्मे नळाखाली पेला धरून पाणी पीत होती. एक पेला, आणखी एक, आणखी एक. मग माझा हात घट्ट धरून कुजबुजली, "मीठ होतं गं! पहिल्याच घासाला कळलं. माझे डबे कुणीतरी हलवलेत. पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मी थांबले असते तर केरिनला कळलं असतं, म्हणून अख्खी वाटी संपवली. केरिननं एकच घास घेतला ना? तिला कस्टर्डचीच चव लागली असेल."

वाट्या तिथंच ठेवून मी बाहेर धावले.

केरिन कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभी होती. मी एका दमात सगळं सांगितलं. डबे तूच हलवलेस, नाताळात. साखरेच्या जागी मीठ गेलं, मिठाच्या जागी साखर. तिची चूक नाही, कुणाचीही झाली असती. तिचे बाकीचे सगळे डबे उघडून बघ हवं तर.

केरिननं ऐकून घेतलं. डबे हलवले हे तिला आठवलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ती म्हणाली, "मावशी, चूक झाली त्याचं काही नाही. पण तिनं अख्खी वाटी संपवली. पाक प्यायली. तिला चवच कळेनाशी झालीय."

"कळली होती! आत्ताच म्हणाली मला."

"तू पाहिलंस तिच्याकडे, म्हणून म्हणाली असेल. आणि कळली होती तर खाल्लं कशाला?"

"तुझ्या भीतीनं," मी म्हणाले.

डोळे भरले तिचे. मला वाटलं, पोचलं. मग ती हळूच म्हणाली, "मैत्रीण म्हणून तू हेच म्हणणार, मावशी. मी असते तरी हेच म्हटलं असतं. पण पातेलं जळालं होतं, धूर तूच पाहिलास. पुढच्या वेळी मीठ नसेल, उंदराचं औषध असेल. तिनं तेही हसत खाल्लं तर?"

मी दोरीवरचा एक उशीचा अभ्रा ओढला आणि त्याची घडी घालायला लागले. केरिन फोन लावत गाडीकडे गेली. काउऱ्याच्या वृद्धाश्रमाचं नाव तिनं घेतलेलं मी ऐकलं.

घरात गेले तर वाल्मेनं टेबलावर क्लेमचा एक शर्ट पसरला होता. निळा, चौकटीचा, तिनं इतकी वर्षं कापायचा टाळलेला. त्याच्या पाठीतून ती छोटे चौकोन कापत होती.

"बस," ती म्हणाली. "तुझं अक्षर बरं आहे. 'पीठ', 'साखर', 'मीठ' असं लिही, मी डब्यांवर चिकटवते. पुढच्या नाताळाला कुणी येऊन डबे नाचवले तरी हरकत नाही." मग तिनं खिडकीतून गाडीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "काही बोलली का गं केरिन?"

"नाही," मी म्हणाले.

"बघ! कळलंच नाही तिला." ती हसली, आणि तिनं पहिला चौकोन माझ्यापुढे सरकवला.

मी पेन उघडलं आणि 'मीठ' लिहिलं.