गोगलगायीची गल्ली

“तुला पटायचं नाही, सूनबाई, पण एके काळी या शहरातली एकही गाडी मला विचारल्याशिवाय वळत नव्हती!”

“मामा, जरा मोठ्यानं बोला,” ताईची सून चहा ओतत म्हणाली. खिडकी बंद होती, तरी गल्लीतल्या गाड्यांनी कपबशा थरथरत होत्या. ताई डोळे मिटून खुर्चीत पडली होती. म्हणजे मला रान मोकळं.

रस्ते खात्यात माझं काम एकच. नवा पूल व्हायच्या आधी कुठल्या रस्त्यानं किती गाड्या जातील, ते कॉम्प्युटरवर मांडायचं. आधी सगळ्यांना जवळची वाट द्यायची. ती तुंबली की काहींना दुसरीकडे वळवायचं. असं करत करत सगळ्या वाटांना सारखाच वेळ लागू लागला, की मांडणी संपली.

“नदीवरच्या पुलाची मांडणी केली, तर निम्म्या गाड्या या गल्लीत! समोर ताईची मैत्रीण राहायची. दोघींचं दिवसभर इकडून तिकडे. म्हटलं, माझ्या ताईच्या दारात? गल्लीचा वेग लिहून टाकला गोगलगायीचा!”

“मग?”

“पळाल्या की बाजारपेठेत!”

“कॉम्प्युटरमधल्या ना?”

“कॉम्प्युटरमधल्या काय नि रस्त्यावरच्या काय, जात एकच!”

इथवर बरंचसं खरं होतं. पुढे साहेबांनी खरा वेग घालायला लावला. मी गतिरोधक घालून पाहिले, गल्ली एकेरी करून पाहिली. काही केलं तरी बाजारपेठ तुंबायची आणि उरलेल्या गाड्या ताईच्याच दारात यायच्या. मांडणीत चूक सापडावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. चूक नव्हतीच.

सूनबाईला मात्र मी सांगितलं, “पूल सुरू झाला त्या संध्याकाळी इथं शुकशुकाट! ताई हातात वाटी घेऊन मधोमध, रमतगमत निघाली पलीकडे मैत्रिणीकडे. एक गाडीवाला तर खाली उतरला, हिचा हात धरून...”

“खोटं बोलतोयस, बाळ्या.”

ताईनं डोळे उघडले नव्हते.

“ती गेली, तेव्हा मी दारात उभी होते. तिला नेईपर्यंत मला रस्ता ओलांडता आला नाही.”