दोघांसाठी एक कोंबडी

ओदिल तीस वर्षं मादाम ग्रिवोंच्या रेस्टॉरंटला कोंबड्या पुरवत होती, पण त्या जागेचं तिला माहीत होतं ते फक्त मागचं दार. खोकी उतरवायची, आचाऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि परत फिरायचं. पुढच्या दालनात लोक दोन-दोन महिने आधी जागा राखून जेवायला येतात, हे तिनं नुसतं ऐकलं होतं. त्या ऑक्टोबरात मादामनी सगळं भाचीच्या हवाली करून निवृत्त व्हायचं ठरवलं. जाण्याआधी एका सोमवारी, रेस्टॉरंट गिऱ्हाइकांसाठी बंद असतं त्या दिवशी, त्यांनी माल पुरवणाऱ्या सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं.

ओदिलनं लग्नाला आणि मयताला घालायचा निळा झगा काढला, नखांतली माती ब्रशनं घासून काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दारानं आत गेली. मुख्य वाढपी आंसेल्म तिला खिडकीजवळच्या टेबलाकडे घेऊन गेला. तिथं फिर्मां बसला होता.

फिर्मांचं कुरण ओदिलच्या शेताला लागून होतं. त्याच्या गाईंची क्रीम याच स्वयंपाकघरात यायची. लहानपणी दोघं शाळेत एका बाकावर बसली होती, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्यात अबोला होता.

दुसरीकडे बसता येईल का, असं तिनं आंसेल्मला हळूच विचारलं. तो म्हणाला, सगळी टेबलं भरलीत, आणि ही जागा खुद्द मादामनी ठरवलीय. आज तुमची कोंबडी यांच्या क्रीममध्ये शिजतेय, आणि ती एक अख्खी दोघांना मिळूनच वाढतात. ओदिल बसली.

आधी इवल्याशा वाटीत भोपळ्याचं सार आलं, मग नदीतल्या माशाचे मऊ वडे. दोघंही खिडकीबाहेर बघत जेवली. बाहेर एका भिंतीखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. आंसेल्मनं चव बघायला म्हणून फिर्मांच्या ग्लासात घोटभर वाइन ओतली. फिर्मांनं ती एका दमात संपवली आणि गंभीरपणे सांगितलं, "चांगली आहे, पण पुरली नाही." ओदिलला हसू आलं. ते तिनं रुमालात दाबलं.

मग कोंबडी आली. डुकराच्या मूत्राशयाची पिशवी फुग्यासारखी टम्म फुगली होती आणि आत, तिथल्या जुन्या पद्धतीनं पिशवीतच शिजवलेली, अख्खी कोंबडी होती. आंसेल्मनं सुरीचं टोक लावलं तशी पिशवी सुस्कारा टाकल्यासारखी खाली बसली आणि रानातल्या अळंब्यांचा वास टेबलभर पसरला. त्यानं मांस कापून दोघांच्या ताटांत ठेवलं आणि वरून घट्ट पांढरा रस्सा ओतला.

ओदिलच्या घरी चांगली कोंबडी विक्रीला जायची. घरच्यांच्या वाटणीला यायची ती अंडी द्यायची थांबलेली म्हातारी, तीही सूपमध्ये. आपण वाढवलेलं असं लागतं, हे तिला बासष्टाव्या वर्षी कळत होतं. तिनं दोन घास खाल्ले. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "क्रीम चांगली आहे तुमची."

फिर्मांला तिनं जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"कोंबडीही बरी आहे तुमची," तो म्हणाला.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण ओदिलनं तिसरा घास उचललाच नाही. तिनं काटा खाली ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी एका पहाटे तिच्या चाळीस कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यांच्यात फिर्मांचा कुत्रा, तांबूर, तोंडाला पिसं लागलेला उभा होता. ती फिर्मांच्या अंगणात जाऊन चारचौघांत नाही नाही ते बोलली. त्याच दुपारी फिर्मांनं कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं आणि रिकामा पट्टा घेऊन परत आला.

"तांबूरनं नव्हत्या मारल्या," ओदिल म्हणाली. "पुढच्या आठवड्यात परत नऊ गेल्या. कोल्हा होता. कुंपणाखालून निघताना मी पाहिला त्याला. तोवर तू कुत्र्याला नेऊन आला होतास."

फिर्मांनं ताटातली अळंबी काट्यानं बाजूला सारली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या आठवड्यात तू कुंपणाला खालून नवी जाळी ठोकलीस. कुत्रा गेल्यावर जाळी कशाला लागते?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो. मग थांबायचीच सवय लागली."

"लाज वाटत होती रे मला."

"आली असतीस तरी पहिल्या वर्षी मी दार उघडलं नसतं," तो म्हणाला. "चांगला कुत्रा होता तो."

"होता."

तिनं डोळे पुसले. फिर्मांनं तिच्याकडे न बघता पाण्याचा ग्लास तिच्या बाजूला सरकवला.

"खा आता," तो म्हणाला. "गार झाल्यावर क्रीमवर साय धरते. मग मलाच नावं ठेवशील."

दोघांनी कोंबडी संपवली. मादाम ग्रिवों टेबलांमधून फिरत त्यांच्यापाशी आल्या आणि जेवण कसं झालं म्हणून विचारलं. झकास झालंय, पण एवढा रस्सा ताटात ठेवून पाव कुणी उचलून नेला, असं फिर्मांनं विचारलं. मादाम खळखळून हसल्या, स्वतः आत जाऊन मोठा घरगुती पाव घेऊन आल्या आणि टेबलावरच कापला. ओदिलनं पावाच्या तुकड्यानं ताट लख्ख पुसून खाल्लं. ते बघून शेजारच्या चीजवाल्यानंही पाव मागितला. थोड्या वेळानं सगळ्या दालनात तेच चाललं होतं.

घरी परतताना दोघांचा रस्ता एकच. फिर्मांची गाडी पुढं आणि ओदिलची मागं, अशी ती दोघं चौदा किलोमीटर गेली. ओदिलच्या फाटकापाशी फिर्मां थांबला. उतरून त्यानं चिखलात पाय टाकत फाटक उघडलं, कारण तिच्या पायांत चांगले बूट होते. तिची गाडी आत गेल्यावर त्यानं फाटक ओढून घेतलं, कडी लावली आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून घाईघाईनं निघून गेला.