गुरुवारची पंगत

श्रीपादराव माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसाशी दोन हात करता येतात हो. पण जो पहाटे उठून, आंघोळ करून, टोपी घालून, अगदी मनापासून घोळ घालतो, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी भांडले, ती गोष्ट वेगळी.

आमच्या कुळगावात पोरांचं बँड पथक होतं. उभं केलं कोंडाजीने. कोंडाजी लढाईत ड्रम वाजवून आलेला. तिकडे कल्याण कॅम्पातली छावणी उठली, सिंधी मंडळी आली, त्याचं उल्हासनगर झालं, आणि छावणीतलं भंगार जिकडे तिकडे विकायला निघालं. कॅम्प चारमध्ये लीलाराम म्हणून एक दुकानदार होता. त्याच्याकडे लष्करातले ड्रम आणि बिगूल पडून होते. कोंडाजीने भाव विचारला, तर तो हसून म्हणाला, "ले जाओ बाबा. यहाँ तो चूहे बजा रहे हैं." असे ते ड्रम बैलगाडीत बसून आमच्या गावात आले.

बिगूल फुंकायला गावातली पोरं मिळाली. ड्रमला मात्र कोंडाजीने बारवी नदीकडच्या डोंगरवाड्यांतली पोरं निवडली. ती आमच्याच शाळेत शिकायची आणि शाळेमागच्या पडवीत राहायची. त्यांच्या जेवणाचं काय? तर कोंडाजीने वार लावून दिले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कुणी ओटीवर वाढायचं, कुणी पडवीत. माझ्याकडे चुलीपुढे पंगत बसायची. गुरुवार कुणाला नको होता, कारण अर्ध्या गावाचा दत्ताचा उपास. मी म्हटलं, मला द्या. आमच्या घरात उपास करणारं कोणी नाही आणि जेवणारंही कोणी नाही.

नाही म्हणजे, आमचे हे आहेत. अंबरनाथला कारखान्यात कामाला. पण दोन माणसांचा स्वयंपाक तो काय स्वयंपाक? मूल झालं नाही आम्हाला. झालं नाही तर नाही, त्यावर रडून झालं. पण एक गोष्ट मला डाचायची. दारात वाजंत्री येते कधी? बारशाला, मुंजीला, लग्नाला. माझं दार माझ्या लग्नात वाजलं, आणि मग मुकं झालं ते झालंच.

कोंडाजीने एक पद्धत घातली होती. रविवारी संध्याकाळी पथक गावात फिरायचं आणि ज्या घरी पोरांचा वार असेल, त्या दारात थांबून सलामी द्यायचं. पहिल्यांदा माझ्या दारात ड्रम वाजला तेव्हा मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आले. सगळ्यांत पुढे कान्हा, काडीसारखा पोरगा, पण हात असा की चुलीवरची झाकणं थरथरावीत. मी खुळ्यासारखी हसत उभी राहिले. तेव्हापासून रविवार कधी येतो असं व्हायचं.

मग कोंडाजी लेकीकडे कर्जतला राहायला गेला, आणि गावाने पथकाचं अध्यक्षपण श्रीपादरावांना दिलं. ते लष्कराच्या कोठारात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन गावात बंगली बांधलेली. बंगलीत दोघंच, ते आणि उमाबाई. उमाबाई इतक्या हळू बोलायच्या की मांजरालासुद्धा कान टवकारावे लागायचे. श्रीपादरावांचा आवाज मात्र स्टेशनापर्यंत जायचा.

पहिल्याच रविवारी ते गरजले, "सैन्य कधी दारोदार थांबतं का? शिस्त हवी, शिस्त!" झालं. पथक सरळ चौकात जायचं आणि फिरून परत यायचं. सलामी एकाच दारात, अध्यक्षांच्या. आम्ही बायका आपापल्या उंबऱ्यावर उभ्या, आणि पोरं आमच्यासमोरून नाकासमोर बघत निघून गेली. कान्हाने तेवढी माझ्याकडे चोरून मान वळवली, तर त्याला ओरडा बसला.

तरी आम्ही गप्प राहिलो. वार चालू होते ना.

दिवाळीनंतर श्रीपादरावांनी वारच बंद केले. म्हणे, आज या घरी, उद्या त्या घरी, ही काय व्यवस्था झाली? सगळ्यांनी शिधा आणून द्यायचा, त्यांच्या बंगलीमागच्या शेडमध्ये भटारखाना चालेल, समितीचा आचारी रांधेल, पोरं रांगेत बसून जेवतील. शेडवर पाटीही लागली, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' मी एकदा कान्हाला लोणचं द्यायला गेले, तर परवानगी आहे का, असं मलाच विचारलं. माझ्या लोणच्याला परवानगी!

शिधा मात्र पहिल्या खेपेला गावाने भरभरून दिला. कुणी तांदळाचं पीठ दिलं, कुणी नाचणीचं, कुणी बाजरीचं. तांदूळ कुणाचा उकडा, कुणाचा नवा, कुणाचा जुना. आता ज्याने जन्मात चूल फुंकली असेल त्याला सांगायला नको. पण श्रीपादरावांनी कोठार चालवलेलं, चूल नाही. पीठ म्हणजे पीठ, तांदूळ म्हणजे तांदूळ. एका पिंपात सगळी पिठं ओतली, दुसऱ्यात सगळे तांदूळ. मग काय विचारता! भाकरी थापली की तुटायची, भाजली की दगड व्हायची. भाताचं एक शीत कच्चं, तर शेजारच्याचा गिळगिळीत लगदा. आचारी दोन आठवडे कपाळ बडवत राहिला आणि एके दिवशी झारा टाकून पळाला, तो थेट वांगणीला सापडला म्हणतात.

ही बातमी गावभर झाली. आपण निवडून पाखडून दिलेल्या दाण्यांची ही माती झाली, म्हटल्यावर कोण शिधा देणार? पुढच्या खेपेला निम्मी घरं आली, त्याच्या पुढच्या खेपेला कोणीच नाही. श्रीपादराव चौकात उभे राहून म्हणाले, "या गावाला कलेची कदर नाही." आणि पोरं? उपाशी पोटी कोण ड्रम बडवणार? एकेक करत सगळी डोंगरावर परत गेली.

माझ्या घरात गुरुवारी पुन्हा दोन पानं. मी त्या दिवशी आमच्या ह्यांच्यावर विनाकारण खेकसले. ते म्हणाले, "अगं, माझा काय गुन्हा?" मी म्हटलं, "तुम्ही एकटेच जेवताय, हा."

जानेवारीत नवसी मोळी घेऊन आली. ती कान्हाच्या वाडीतली. मी विचारलं, पोरं काय करतात?

"काय करनार? कान्हा आयशीच्या टोपावर ड्रम वाजवतो. बाप म्हनतो, शाळा नाय तं चल कुपावर, लाकडं तोडायला. शिमग्यानंतर नेनार त्याला."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे एका पिंपातल्या पिठापायी त्या पोराचा हात कुऱ्हाडीला लागणार! मी म्हटलं, "नवसी, वाडीत सांग. गुरुवारी सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं. म्हणावं, वार बनूबाईचा आहे, समितीच्या बापाचा नाही."

गुरुवारी उजाडताच मी चूल पेटवली. वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. आमचे हे धुतलेलं धोतर नेसून मैदानावर झेंड्याला निघाले. कसला झेंडा, हे विचारायलाही मला फुरसत नव्हती. सूर्य वर आला आणि अंगणात पायांचा धप धप आवाज आला. कान्हा पुढे, बाकीचे मागे, केस तेल लावून चापून बसवलेले.

"मावशी, आज बेस्तरवार हाय ना?"

"आहे रे बाबा, बस!" म्हटलं, आणि धुराच्या नावाखाली डोळे पुसून घेतले.

पोरं दुसऱ्या भाकरीवर होती, तेवढ्यात आमचे हे हसत हसत आले. हसून त्यांना बोलता येईना.

"अगं, आज सव्वीस जानेवारी! मैदानावर झेंडा चढला, ठाण्याचे पाहुणे आलेत, खुर्च्या मांडल्यात, ड्रम ओळीने ठेवलेत. फक्त ड्रम वाजवायला पोरं नाहीत, आणि गाव रुसलेलं, म्हणून बिगूलवालेही नाहीत आणि ऐकायलाही कोणी नाही! श्रीपादराव एकटेच काठी घेऊन उभे आहेत."

"पोरांना निरोप दिला नव्हता?"

"दिला की. शाळेच्या फळ्यावर लिहिला होता!"

फळा शाळेत, पोरं डोंगरावर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात दारात श्रीपादरावच उभे. काळा कोट, घामाघूम चेहरा. बातमी लागली होती त्यांना.

"बनूबाई! हा काय प्रकार आहे? माझं पथक तुमच्या स्वयंपाकघरात?"

पोरं दचकून उठायला लागली. मी उलथनं उगारलं. "खाली बसा! भरल्या पानावरून उठायचं नाही." मग त्यांच्याकडे वळले. "पथक तुमचं असेल, श्रीपादराव. पोरं गुरुवारची माझी आहेत."

"तिकडे पाहुणे खोळंबलेत!"

"आणि ही पोरं महिनाभर खोळंबली, तेव्हा कुठे होतात? गावाला कदर नाही म्हणालात ना? अहो, गावाने पोटच्या पोरासारखी जेवू घातली यांना! तुम्ही दारातली सलामी बंद केली, गाव गप्प बसलं. तुम्ही चुलीपुढची पोरं उचलून नेली, तरी गावाने शिधा दिला. त्याचा तुम्ही लगदा केलात!"

श्रीपादरावांचा आवाज खाली आला. मला वाटलं नव्हतं त्यांना असा आवाज असेल. "मी म्हटलं, एका ठिकाणी सगळं झालं, तर घरोघरी कोणाला त्रास नको."

"त्रास?" मी उलथनं खाली ठेवलं. "अहो, तो त्रासच हवा होता आम्हाला! पिंपात पीठ ओतून कुणाचं घर भरतं का?"

कान्हा बिरड्यात भाकरी तशीच धरून बसला होता. मी श्रीपादरावांकडे पाहिलं. सकाळपासून पोटात काही नसावं. मी एक पाट सरकवला आणि पान वाढलं. ते टोपी काढून बसले. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "ही भाकरी तुटत नाही."

"पीठ एकच आहे," मी म्हटलं. पोरं फिस्सकन हसली, आणि मग श्रीपादरावही हसले.

जेवण झाल्यावर ते उठले. "चला, मैदानावर."

"ड्रम इकडे आणा," मी म्हटलं. "पोरं डोंगर उतरून चालत आली. ड्रमना पाय नाहीत, तुम्हाला आहेत."

आणि आणले हो त्यांनी! पुढून आमचे हे हातगाडी ओढताहेत, मागून काळ्या कोटातले अध्यक्ष ढकलताहेत. गल्लीतली दारं एकेक करून उघडली. कुणी विचारलं, "काय श्रीपादराव, भंगारवाला झालात?" ते म्हणाले, "हो, आणि तुमचा वार कोणता होता? पुन्हा सुरू करा, हात जोडतो." प्रत्येक दारात तेच. गाडी माझ्या अंगणात पोहोचेपर्यंत मागे अर्धं गाव जमलं होतं, बिगूलवाली पोरंही.

दवाने ड्रमचं कातडं सैल पडलं होतं. मी अंगणात पेंढा पेटवला. पोरांनी ड्रम शेकले, बोटांनी ठोकून पाहिले. श्रीपादरावांनी काठी वर केली, "पथक! मैदानाकडे, चल!"

कान्हा हलला नाही. बाकीचेही हलले नाहीत. कान्हा म्हणाला, "सायब, आदी मावशीचं दार."

श्रीपादरावांनी काठी खाली घेतली आणि बाजूला झाले. मग वाजलं माझं दार. असं वाजलं की कौलांवरचे कावळे उडाले. मी सगळ्या गावादेखत रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. माझ्या घरात लेकरं जेवली होती आणि माझ्या दारात वाजत होतं, आणखी काय हवं होतं मला?

तिथून पथक निघालं, ते दारादारात थांबत थांबत मैदानावर पोहोचलं. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. पाहुण्यांना उमाबाईंनी चहावर चहा पाजून थोपवून धरलं होतं. रिकाम्या मैदानात अचानक गाव घुसलेलं पाहून पाहुणे खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

संध्याकाळी मी भांडी घासत होते, तर उमाबाई आल्या. पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"बनूबाई, कोणता वार मोकळा आहे हो?"

मी मोजून पाहिलं. सकाळी हातगाडीमागून येता येता सगळ्या घरांनी आपापले वार परत धरले होते. एकही उरला नव्हता.

"राहू द्या मग," त्या म्हणाल्या. "मीच एकदा ह्यांना म्हटलं होतं, आपल्या घरी कधी पोरंबाळं जेवत नाहीत, आपल्यालाही एखादा वार घ्या. तर ह्यांनी सगळे वारच बंगलीत आणले. शेड बांधली, आचारी ठेवला, पाटी लावली. आणि त्या पाटीपायी मलाच आत जाता येईना."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. इतके दिवस मी त्या माणसाला शिव्या मोजत होते, आणि तो बिचारा बायकोच्या एका वाक्यासाठी गावभर पीठ गोळा करत होता. विचारायचं कसं, तेवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

गुरुवार माझा होता. तो मला किती हवा होता, ते तुम्हाला सांगितलंच आहे. मी हात पुसले.

"गुरुवारी सकाळचं माझं," मी म्हटलं, "संध्याकाळचं तुमचं. पण ती पाटी आधी काढा. आणि भाकरीला पीठ एकच घ्या हो!"

उमाबाई मोठ्याने हसल्या. त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या रविवारी कान्हाने त्यांच्या दारात सलामी दिली तेव्हा अध्यक्ष आत लपून बसले होते. बाहेर आल्या त्या उमाबाई, दोन्ही हात पिठाने भरलेले.