माझ्या पाठीतली भेग

मी एक जुना लाकडी डाव आहे. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे साड्झा, घोटणे हे माझे काम. मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती सांगताना मान वर होत नाही.

नेत्साईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला स्वतः कोरले. तिच्याबरोबर मी बुहेरा भागातल्या या गोल, गवती छपराच्या स्वयंपाकघरात आलो. तिपाई हंड्यात पीठ रटरटू लागले की ती मला दोन्ही हातांनी धरी. साड्झात मीठ नसते, मसाला नसतो. त्यात गाठ राहिली तर ती लपवायला जागाच नाही. तीस वर्षे आमच्या साड्झात एकही गाठ सापडली नाही. "नेत्साईचा हात सोन्याचा," असे लोक म्हणत. त्यातले अर्धे कौतुक मी माझ्या खाती जमा करीत असे.

मग माझ्या पाठीला भेग पडली. चिकटलेला साड्झा झटकायला नेत्साई मला हंड्याच्या काठावर आपटायची, त्याचाच तो परिणाम. भेगेत पीठ अडकू लागले. रात्रभर पाण्यात भिजवले की ते सुटे. पण पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी शेजारीण गप्पांना बसली आणि मी कोरडाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी नेत्साईची नणंद मुचानेता आली. नव्या सुनेच्या, शुवाईच्या, हातचे ती पहिल्यांदाच जेवणार होती. शुवाईने माहेरून आणलेला डाव बाहेर काढला. नेत्साई म्हणाली, "तो ठेव गं. या घरात साड्झा याच डावाने होतो."

शुवाईने मला हातात घेतले, क्षणभर पाहिले आणि मुकाट्याने कामाला लागली. भोपळ्याचा पाला तिने शेंगदाण्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवला, वर तेल तरंगेपर्यंत. मग साड्झा घोटायला घेतला. मला भेगेतल्या वाळक्या पिठाचे खडे सुटताना जाणवत होते. मी काय करणार होतो?

तिने गुडघे टेकून पाहुणीच्या हातावर पाणी घातले. मुचानेताने पहिला घास घेतला आणि तोंडातून एक टणक गाठ काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी.

"नेत्साई, सून आणलीस की कोंबड्यांना दाणे टाकणारी?"

"शिकेल हो, वन्सं."

"शिकेल, पण इथे नाही. महिनाभर आईकडे पाठव. पीठ घोटता आलं की येऊ दे."

पाल्याची भाजी मुचानेताने तीनदा घेतली, पण तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सकाळी शुवाई गाठोडे घेऊन निघाली. मी कोपऱ्यात उभा होतो. मित्रांनो, तिचे दोन्ही हात निर्दोष होते.

चार दिवसांनी नेत्साईच्या स्वतःच्या घासात गाठ आली. तिने मला उलटे केले आणि भेगेत काटा घातला. टणक खडे तिच्या पदरात पडले.

मग मला घेऊन ती विहिणीच्या दारात गेली. जमिनीवर बसून तिने हळू टाळ्या वाजवल्या, आमच्याकडे माफी मागतात तशा, आणि मला पुढे ठेवले. "दोष याचा आणि माझा आहे. वन्संनाही मी हे सांगून आले आहे."

शुवाई म्हणाली, "आई, भेग मी त्या दिवशीच पाहिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या वडिलांनी कोरलेला डाव. तुमच्या नणंदेसमोर त्याला नावं कशी ठेवू?"

माझी लाज राखायला त्या पोरीने स्वतःची घालवली होती.

शुवाई परत आली, आणि आता साड्झा तिच्या डावाने होतो. मी फक्त भाजायचे शेंगदाणे हलवतो. रोज कोणी ना कोणी मला धुऊन उन्हात ठेवते, आणि तेवढी माया घ्यायलाही मला संकोच वाटतो. मित्रांनो, आम्हाला वेळेवर भिजवा, पुसा, उलटून बघा. आणि कुणाच्या हाताला नावे ठेवण्याआधी, त्या हातात काय दिले होते ते एकदा पाहा.