मेणाचा गोल

प्रयोगशाळेत मला सगळे काकू म्हणतात आणि थोडं घाबरतातही. घाबरावंच. सव्वीस वर्षं मी गाठींचे पातळ काप काचेवर चढवून रंगवतेय. रंगवण्याआधी कापाभोवती मेणाच्या पेनाने गोल आखायचा, म्हणजे वर टाकलेला रंगाचा थेंब वाहून जात नाही. कुणाचा गोल जरा तुटला की मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेते.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकात माझी काच बघत होत्या. तीन वर्षांच्या मुलीच्या मूत्रपिंडातली गाठ. पेशीत दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा घड्या घालून बसवलेला असतो, आणि कोणती घडी कधी उलगडायची हे काही प्रथिनं सांभाळतात. त्यातलं एक गायब झालं की सगळी शिस्त मोडते आणि पेशी बेफाम वाढत सुटते. ते प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळं. तपकिरी गाठीतून बहुतेक मुलं बरी होतात. निळीतून फार थोडी.

"सगळं निळं आहे, काकू." बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "रिपोर्ट लिहिते. उद्यापासून जहाल औषधं सुरू करतील."

खिडकीबाहेरच्या बाकावर मुलीचे बाबा पहाटेपासून उपाशी बसले होते.

"मला बघू द्या."

"मी बघितलंय की! तुलनेसाठी रंगवलेली नमुन्याची काच पण छान तपकिरी रंगलीय."

"तुम्ही गाठ बघितलीत. मी रक्तवाहिन्या बघते."

रक्तवाहिन्यांच्या पेशी धडधाकट असतात, त्यांच्यात ते प्रथिन असायलाच हवं. पण त्याही निळ्याच होत्या. म्हणजे या कापाला तपकिरी रंगच लागला नव्हता; निळा तर शेवटी सगळ्याच काचांना देतो. मी काच उजेडात धरली. खालच्या कोपऱ्यात गोल तुटला होता आणि थेंब तिथून निघून गेला होता. गोल माझ्या हातचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापच खराब निघाला म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "चार तास द्या."

"काकू, तुमचा गोल तुटला?"

"हो. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या, पुन्हा संधी मिळायची नाही."

नवा काप घेतला आणि त्याभोवती तीनदा पेन फिरवलं. दुपारी काच बाईंसमोर ठेवली. त्यांनी ती इकडून तिकडे सरकवून सगळी बघितली. मग उठून मला जागा दिली. रक्तवाहिन्या तपकिरी होत्या. गाठही तपकिरी होती, एकूण एक केंद्रक.

खिडकीशी गेले तर मुलीचे बाबा उभे राहिले. आम्ही निकाल सांगायचा नसतो.

"डॉक्टर बोलावतील तुम्हाला," मी म्हटलं. "त्याआधी जाऊन पोटभर जेवून या."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि खिडकीची कड धरून मोठ्याने रडायला लागले.