दोन्ही डोळे तिचेच

बाळ झोपलं की माझं ऑफिस उघडतं. आमचा ढब्बू मांडीवर, लॅपटॉप उशीवर आणि एका हाताने काम. स्टुडिओवाले दादा फोटो पाठवतात, मी ते फोटो धार देऊन, म्हणजे शार्प करून, परत करते.

लहान मुलांच्या फोटोत सुरुवात डोळ्यांपासून करायची, हा आमचा नेमच. पापण्या, बुबुळाची कड, बाहुलीतला उजेडाचा ठिपका एवढं टोकदार झालं की बाकीचा चेहरा मऊ राहिला तरी चालतं. मूल आपल्याकडेच बघतंय असं आईबापांना वाटतं.

त्या दुपारी एका पोरीचा अल्बम होता. गाल असे की चिमटा काढावा. शार्पनिंगची पट्टी पुढे सरकवली आणि तिच्या डाव्या बाहुलीत काहीतरी पांढरं उमटलं. उजवी फ्लॅशने लाल झाली होती, नेहमी होते तशी. डावी मात्र अंधारातल्या मांजरीच्या डोळ्यासारखी.

धार जास्त झाली की कडांना पांढरी रेघ येते. तसलंच असेल म्हणून पट्टी पार मागे आणली. चमक फिकी झाली, गेली नाही. दुसरा फोटो उघडला. तिसरा. खिडकीजवळच्या फोटोंत काही नाही. फ्लॅशच्या फोटोंत मात्र पुन्हा पुन्हा तीच चमक, त्याच डोळ्यात.

दादांना फोन लावला.

"अगं, फ्लॅशचा खेळ आहे तो. उजवा डोळा उचल, उलटा कर, डाव्यावर बसव. नेहमी करतेस तसं."

"पण दादा, एकाच डोळ्यात कसं..."

"तू फोटोवाली की डॉक्टरीण? संध्याकाळी अल्बम छापायला जायचाय. उगाच गिऱ्हाईक बिथरवू नकोस."

लाली काढली, डोळा बसवला, धार दिली. पोर फारच गोड दिसायला लागली. आता ते पांढरं कुणालाच दिसणार नव्हतं.

ढब्बूला लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली होती. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "दोन्हीकडून सारखा उजेड परत यायला हवा. एकीकडे पांढरं दिसलं तर वाट बघायची नाही." तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आता ढब्बूच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघवेना.

"काय गं, चेहरा का असा पडलाय?" सासूबाई दारात. त्यांना मूळ फोटो दाखवला, सगळं सांगितलं. चष्मा नाकावर ओढून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"काही नसेल तर चार शिव्या खाशील. शिव्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत. लाव तिच्या आईला फोन."

अल्बमच्या ऑर्डरवरचा नंबर लावला, स्टुडिओकडून बोलतेय म्हटलं. "बोला ना! झाले फोटो?" पलीकडे केवढा आनंद. मी शब्द जुळवत राहिले, शेवटी सरळच सांगून टाकलं. मी डॉक्टर नाही, कदाचित काहीच नसेल, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

"माझ्या लेकीत खोट काढायला दिलेत का फोटो तुम्हाला?"

तिने फोन आपटला. तिच्या चढलेल्या आवाजाने ढब्बू दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं. त्याला खांद्यावर थोपटत फिरले. दादांचा मेसेज आला, "झालं का?" मी लिहिलं, "नाही. आज नाही होणार."

मग पुन्हा फोन वाजला. तीच. आवाज पार बसलेला.

"ताई, तो फोटो पाठवा. सुधारलेला नको. कॅमेऱ्यातून आला तसा."

दुसऱ्या दिवशी ढब्बूला भरवत होते तेव्हा ती दवाखान्यातून बोलली. "थेंब टाकून तपासलं. आत गाठ दिसतेय म्हणतात. उद्याच मोठ्या हॉस्पिटलात बोलावलंय. डोळा राहील का, ते तिथले डॉक्टर बघून सांगतील." मागे पोर कशाला तरी खिदळत होती.

चमचा हातातच राहिला. ढब्बू तोंड उघडून वाट बघत होता.

"अल्बम थांबवायला सांगू का दादांना?" कसंबसं विचारलं.

"नाही ताई. छापा," ती म्हणाली. "पण दोन्ही डोळे तिचेच ठेवा."