भाषण नसलेली गेट मीटिंग

निंभोरा डेपोत एसटी कामगार संघटनेचा शाखा सचिव कोणी व्हायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा रूपाली कंडक्टर नेमकी रोहण्याच्या गाडीवर होती. जी हजर नाही तिचं नाव सुचवणं सगळ्यांनाच सोपं गेलं. ती परतली तर माणसं अभिनंदनाला उभी, आणि नाही म्हणायच्या आत तिच्या हातात पेढा.

लगेचच कसोटी आली. वेतन कराराची बोलणी मुंबईत पुन्हा सुरू होणार होती. विभागाचे अध्यक्ष रामाजीभाऊ यांनी वर्ध्याहून कळवलं, की बोलणाऱ्यांच्या पाठीशी माणसं दिसली पाहिजेत, डेपोडेपोच्या गेटवर सभा घ्या. रूपालीनं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप टाकला. भराभर अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली, कोणी गुलाबही धाडला. दुसऱ्या सकाळी गेटवर मात्र ती, तिचा नेहमीचा ड्रायव्हर कैलास आणि चहाच्या टपरीवर आलेला एक मेकॅनिक. सभा आहे हे कळल्यावर तो मेकॅनिकही अर्धा चहा टाकून सटकला.

रूपालीचा चेहरा उतरला. गाडी काढताना कैलास म्हणाला, की वर्कशॉपवाले डोमाजीभाऊंशिवाय हलत नाहीत, आणि वर्कशॉप आलं नाही तर ड्रायव्हर येत नाहीत. मग बाकीचे कशाला येतात?

दुपारी ती वर्कशॉपात गेली. डोमाजीभाऊ गाडीखाली होते, बाहेर फक्त पाय. तिनं त्या पायांनाच करार समजावून सांगितला. पाय हलले नाहीत. तेव्हा ती जुन्या टायरवर बसून राहिली. शेवटी भाऊ सरकत बाहेर आले, चिंधीला हात पुसले.

"मी लय करार पाह्यले, पोरी. दर वेळी उन्हात उभं करते अन् भाषण आयकवते. मले काय पायजे, हे कोणीच विचारत नाई."

"मंग सांगा ना भाऊ, काय पायजे?"

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी हातातला पाना पेटीत ठेवला. मग म्हणाले, की येतो, सगळ्यांना घेऊन येतो, पण भाषण नको. रूपालीनं एका दमात कबूल केलं. बाहेर पडल्यावर तिला आठवलं, पुढच्या सभेला रामाजीभाऊ स्वतः येणार होते, आणि ते माईक हाती आला की सोडत नसत.

त्यांना फोन करायचा धीर तिला झाला नाही. पण त्या आठवड्यात प्रत्येक फेरीला, प्रत्येक स्टँडवर ती भेटेल त्याला विचारत सुटली, की करारात तुला काय हवं? जे सांगशील तेच गेटवर येऊन एका वाक्यात सांग. माणसं आधी हसली, मग विचारात पडली. कँटीनमध्ये वाद रंगले. पियुष ड्रायव्हरला मुक्कामाच्या गावी धड खाट हवी होती. रक्षा कंडक्टरचं लेकरू लहान, तिला पहाटेची गाडी नको होती.

सभेच्या सकाळी डोमाजीभाऊंच्या मागून अख्खं वर्कशॉप बाहेर आलं. ते पाहून ड्रायव्हरही आले. एवढी गर्दी बघून रामाजीभाऊ खूश झाले. त्यांनी खाकरून माईक हातात घेतला. तेवढ्यात रूपाली पुढे झाली.

"भाऊ, आज तुमी आयकाचं. आमी बोलतो."

रामाजीभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग हाताची घडी घालून उभ्या डोमाजीभाऊंकडे. काय समजायचं ते समजले. माईक तिला देऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोला मंग. मी आयकून राह्यलो."

आता बोलेना कोणी. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा डोमाजीभाऊ पुढे आले. माईक त्यांनी घेतलाच नाही.

"माह्या पोरीचा साखरपुडा झाला, मी गाडीखाली होतो. माणसं कमी होती, म्हून सुट्टी मागितलीच नाई. आता तिचं लगन हाये. हक्काची सुट्टी करारात लिवून पायजे."

कोणी टाळी वाजवली नाही. पण लगेच पियुष बोलला, मग रक्षा, मग जो तो. एका वाक्याचा नियम कधीच मोडला होता. फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या अनुसयाबाई पिशवी सांभाळत गेटपर्यंत आल्या आणि त्यांनी विचारलं, की हे सगळं ठीक, पण रोहण्याची गाडी सुटणार का? कैलासनं हॉर्न दिला. रूपालीनं माईक डोमाजीभाऊंच्या हातात कोंबला, तिकीट मशीन गळ्यात अडकवलं आणि पळत गाडी गाठली. मागं सभा चालूच होती, आणि रामाजीभाऊ मान डोलावत ऐकत होते.

महिनाभरानं गाडी रोहण्याला उभी असताना रामाजीभाऊंचा फोन आला. पगारवाढीवर अजून अडलं होतं, पण सुट्टीचं कलम लेखी मान्य झालं होतं. रूपालीनं ते कैलासला सांगितलं. तो टपरीवर जाऊन दोघांसाठी गरम भजी घेऊन आला. पगारासाठी पुन्हा सभा घ्यावी लागणार होती. या वेळी समुद्रपूरकडच्या फेऱ्यांवरच्या लोकांनाही विचारायचं, असं तिनं भजी खाताखाता ठरवलं, आणि गाडी सुटायची घंटी दिली.